किल्लीसारखे पूल

चीनमधल्या सुझोउ शहराजवळ झोउझुआंग नावाचे जुने गाव आहे. तिथे गल्ल्यांचे काम कालवे करतात. घराच्या मागच्या दाराशी दगडी पायऱ्या उतरतात आणि खाली होडी बांधलेली असते. ‘झांग वाडा’ म्हणून एक जुने घर आहे. त्याच्या आतूनच ओढा वाहतो, होडी थेट घरात येते! १७४२ साली बांधलेल्या ‘शेन वाड्या’त तर शंभर खोल्या आहेत.

गावाची ओळख मात्र दोन जोडपुलांमुळे. दोन कालवे मिळतात तिथे हे पूल काटकोनात उभे आहेत. एकाची कमान गोल, दुसऱ्याची चौकोनी. दोन्ही मिळून जुन्या कुलपाच्या किल्लीसारखे दिसतात. चित्रकार चेन यिफेई यांनी ते रंगवले आणि १९८४ मध्ये ते चित्र चीनचे नेते डेंग झियाओपिंग यांना भेट मिळाले. गावाचे नाव जगभर झाले.

पण त्याच काळात सुधारणेच्या नावाखाली अशी कितीतरी गावे पाडली जात होती. शांघायच्या तोंगजी विद्यापीठाचे प्राध्यापक रुआन यिसान यांनी झोउझुआंग जसेच्या तसे राखण्याचा आराखडा केला. गावातून मोटाररस्ता काढण्यालाही त्यांनी ठाम विरोध केला.

आज तिथे पर्यटकांची रीघ लागते. ओसरीच्या जागी दुकाने आली, जुनी कुटुंबे बाहेर पडू लागली. दगड तर वाचले. पण पायऱ्यांवर भाजी धुणारी घरची माणसे राहिली, तरच ते गाव म्हणायचे. नाहीतर किल्ली हाती राहील आणि घर रिकामे!