गिंबल घेण्याआधी आपली चाल बघा

2015 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात शॉन बेकरचा ‘टँजरीन’ दाखवला गेला आणि चर्चा झाली ती त्याच्या कॅमेऱ्याची. लॉस एंजेलिसच्या फुटपाथांवर तणतणत फिरणाऱ्या दोन मैत्रिणींची ही गोष्ट आयफोन 5एसवर चित्रित झाली होती. हे वाचून जगभरच्या होतकरू दिग्दर्शकांनी आपापल्या खिशातल्या फोनकडे नव्या नजरेनं पाहिलं. त्या फोनखाली काय लावलं होतं, याची चौकशी मात्र फार कमी जणांनी केली. तिथे होता स्टेडीकॅम स्मूदी. मोटार नाही, बॅटरी नाही. फक्त एक मूठ, एक वाकडा दांडा आणि तोल सांभाळणारं वजन.

तो सिनेमा आला त्याच वर्षी बाजारात कॅमेरा स्थिर धरणाऱ्या मोटारीच्या गिंबलांची लाट सुरू होत होती. आज ती लाट गल्लीगल्लीत पोहोचली आहे. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या बॅगेत गिंबल नसेल तर मुलीकडचे लोकच विचारतात, ‘दादा, गिंबल आणणार ना?’ गडकिल्ल्यांचे रील करणारे, खाऊगल्लीत हिंडणारे, पालखीसोबत चालत चित्रण करणारे, सगळ्यांना तो हवा असतो. घेताना प्रश्न विचारला जातो, ‘किती किलो पेलतो?’ प्रश्न चुकीचा नाही. पण तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर यायला हवा. पहिला प्रश्न आहे, हे यंत्र नेमका कोणता हादरा थांबवतं.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. 1970 च्या दशकापर्यंत चालता शॉट घ्यायचा तर दोनच वाटा होत्या. रूळ अंथरून त्यावर ट्रॉली ढकलायची, नाहीतर कॅमेरा खांद्यावर घ्यायचा आणि थरथर सोसायची. फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राउनला दोन्ही मान्य नव्हतं. त्यानं कॅमेरा दांड्याच्या वरच्या टोकाला, मॉनिटर आणि बॅटरी खालच्या टोकाला लावली, म्हणजे सगळं वजन मुद्दाम दूरदूर फेकलं. असं पसरलेलं वजन चटकन गिरकी घेत नाही. पकडायची जागा आली गुरुत्वमध्याजवळ, आणि हा सारा सांगाडा अंगातल्या जॅकेटला जोडला गेला तो स्प्रिंगच्या हातानं. जोडणी दाखवण्यासाठी ब्राउननं एक फिल्म तयार केली. तिच्यात त्याची मैत्रीण एलन फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवरून धावते आणि कॅमेरा तिच्या मागोमाग. दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसननं ती फिल्म पाहून विचारलं, या पायऱ्या कुठल्या? पुढे 1976 च्या ‘रॉकी’त सिल्व्हेस्टर स्टॅलोन त्याच पायऱ्या चढला. त्याच वर्षीच्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’त ब्राउन क्रेनवरून खाली उतरून थेट गर्दीत शिरला होता. 1978 साली या शोधाला, म्हणजे स्टेडीकॅमला, ऑस्करच्या तांत्रिक पुरस्कारांतला सर्वोच्च मान मिळाला. ‘द शायनिंग’मधले हॉटेलचे लांबलचक कॉरिडॉर आणि बर्फातला चक्रव्यूह, त्यामागेही खुद्द ब्राउनच होता.

या इतिहासातला एक भाग खरेदीच्या वेळी सगळे विसरतात. स्टेडीकॅमचा स्प्रिंगचा हात. चालताना शरीर प्रत्येक पावलाला वर-खाली होतं आणि ती हालचाल हा हात गिळतो.

आजच्या हातातल्या गिंबलला असा हात नसतो. त्याला तीन मोटारी असतात. एक कॅमेऱ्याची मान वर-खाली वाकण्याची, दुसरी तो कलंडण्याची आणि तिसरी डावी-उजवीकडे वळण्याची हालचाल सावरते. ही विद्या ड्रोनकडून आली. हवेत हेलकावे खाणाऱ्या ड्रोनखालचा कॅमेरा स्थिर ठेवण्यासाठी जे सेन्सर आणि मोटारी तयार झाल्या, त्याच मुठीवर चढल्या. 2013 मध्ये फ्रीफ्लाय कंपनीचा मोव्ही एम10 आला तेव्हा त्याची किंमत 15,000 डॉलरच्या घरात होती. 2015 चा डीजेआय ऑस्मो म्हणजे तर त्यांच्या इन्स्पायर ड्रोनचाच कॅमेरा, मुठीवर बसवलेला. या तीन मोटारी कॅमेऱ्याचं वळणं, वाकणं, कलंडणं सफाईनं थांबवतात. पण संपूर्ण कॅमेराच दोन इंच वर गेला आणि दोन इंच खाली आला, तर त्यांना काहीच करता येत नाही.

म्हणूनच नवा कोरा गिंबल घेऊन काढलेला पहिला व्हिडिओ बहुतेकांना निराश करतो. फ्रेम थरथरत नाही, पण होडीत बसल्यासारखी वर-खाली होते. दूरचे डोंगर घेतले तर हे दिसत नाही. समोर तीन फुटांवर नवरी असेल तर लगेच दिसतं. दुकानदार मग चौथ्या अक्षाची स्प्रिंग लावलेली मूठ सुचवतो. तिचा उपयोग होतो, पण वजन आणि खर्च दोन्ही वाढतात. त्याआधीचा इलाज फुकट आहे. गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवून, पाऊल लहान ठेवून चालायचं. डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीवरून येणाऱ्या बाईचं पाणी हिंदकळत नाही ते असल्याच चालीमुळे. अनुभवी लग्नवाले आणखी एक युक्ती करतात: सेकंदाला 50 फ्रेमनं चित्रण करून ते 25 च्या वेगानं दाखवायचं. डुलणं निम्म्या वेगाचं झालं की ते खटकत नाही, उलट शाही वाटतं. प्री-वेडिंगमधली जोडपी सदैव संथ का चालतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं गाण्याच्या लांबीत.

दुसरा प्रश्न असा की गिंबल हवाच का? कॅमेऱ्याच्या आतच स्थिरीकरण आलं त्याला बराच काळ लोटला. 2012 च्या ऑलिंपस ई-एम5 मध्ये सेन्सरच पाच अक्षांवर हलून हादरा खोडायचा. 2014 मध्ये सोनीनं ए7 टूमध्ये तेच फुल फ्रेमवर आणलं. त्याच वर्षी आयफोन 6 प्लसच्या लेन्सला हलतं स्थिरीकरण मिळालं. 2018 मध्ये गोप्रो हीरो7 ब्लॅकमधल्या हायपरस्मूथनं तर लोकांना चकित केलं. सायकलवर, पळताना, घोड्यावर बसून काढलेला व्हिडिओ गिंबलशिवाय सरळ. आतली युक्ती साधी आहे. कॅमेरा गरजेपेक्षा मोठी फ्रेम टिपतो, हादऱ्याचं मोजमाप घेतो आणि कडा कापून चित्र उलट्या दिशेला सरकवतो.

ही युक्ती दिवसा चालते, रात्री फसते. यामागचं कारण समजून घेतलं तर निम्मी खरेदी वाचू शकते. अंधारात कॅमेरा प्रत्येक फ्रेमसाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. तेवढ्या वेळात हात हलला की चित्र फ्रेमच्या आतच फासटतं. सॉफ्टवेअर नंतर फ्रेम जागेवर आणू शकतं, पण फासटलेलं चित्र परत रेखीव करू शकत नाही. परिणाम विचित्र दिसतो: चौकट शांत, आतलं चित्र मधूनच धूसर होऊन थरकतं. आयफोन 14 मध्ये आलेला ॲक्शन मोड म्हणूनच कमी उजेडात स्वतःच जास्त प्रकाश मागतो आणि चित्र 2.8के पर्यंतच देतो. शटरचा वेग वाढवून हा दोष कमी होतो, पण मग अंधारात चित्र काळं पडतं किंवा दाणेदार होतं. शिवाय आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. हॉलमधले अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा मंदावतात-उजळतात. शटर 1/50 किंवा 1/100 वर असेल तर ठीक, त्याहून वेगात गेलं की फ्रेमवर काळे पट्टे धावू लागतात.

थोडक्यात, मंगल कार्यालयात संध्याकाळच्या स्वागतसमारंभाला, हळदीच्या रात्री, गणपतीच्या आरासमंडपात गिंबलला पर्याय नाही. तिथे शटर मंद ठेवावंच लागतं आणि कॅमेरा प्रत्यक्षात स्थिर असावा लागतो. उलट जूनमध्ये हरिश्चंद्रगडावर निघालेल्या पोरानं गिंबल नेणं हा शुद्ध हट्ट. बहुतेक गिंबल पावसाला तोंड देत नाहीत, आणि कोकणकड्यावरचा वारा फोनच्या हलक्या गिंबलच्या मोटारींना सहज हरवतो. गोप्रोचे बहुतेक हीरो कॅमेरे हीरो5 पासून वेगळ्या डब्याशिवाय 10 मीटर पाण्यात चालतात. पाठीवरच्या सॅकच्या पट्ट्याला असा कॅमेरा अडकवला की दोन्ही हात खडक धरायला मोकळे. ट्रेकमध्ये एवढं कारण पुरेसं आहे.

दुचाकीवाल्यांसाठी एक सूचना. ॲपलनं 2021 च्या सप्टेंबरमध्ये जाहीर सांगितलं आहे की मोठ्या मोटारसायकलच्या इंजिनाची कंपनं आयफोनच्या स्थिरीकरणाला आणि ऑटोफोकसला बिघडवू शकतात. हँडलवर थेट फोन लावून बुलेटवरून लेह गाठणाऱ्यांनी तो खिशात ठेवावा आणि चित्रणासाठी ॲक्शन कॅमेरा वापरावा.

आता वजनाचा प्रश्न. सोनी ए7 फोर बॅटरीसह 658 ग्रॅम, 24-70 जी मास्टर टू लेन्स 695 ग्रॅम. दोन्ही मिळून साधारण 1,350. डीजेआयचा आरएस 3 मिनी 2 किलो पेलतो आणि स्वतः सुमारे 800 ग्रॅम भरतो. आरएस 3 पेलतो 3 किलो, स्वतः 1,300 च्या आसपास. कागदावर दोन्ही चालतात. दुकानात मात्र हमखास सल्ला मिळतो, ‘मोठाच घ्या, पुढे उपयोगी पडेल.’ पुढचं पुढे. आज हातात काय येतं ते मोजावं. मिनीवर एकूण वजन साधारण 2,150 ग्रॅम, मोठ्यावर 2,650. अर्धा किलोचा हा फरक दुकानात जाणवत नाही. सीमंतपूजनापासून वरातीपर्यंत हात पुढे धरून उभं राहिलं की जाणवतो, आणि दमलेला हात हा कोणत्याही मोटारीला न सुधारता येणारा दोष आहे.

तरी लहान यंत्र घेताना एक गोष्ट तपासायलाच हवी. वजन बसतं म्हणजे आकार बसतोच असं नाही. लेन्स लांब असेल तर पुढचं टोक जड होतं. झूम करताना नळी बाहेर येणारी लेन्स असेल तर 24 वर केलेला तोल 70 ला बिघडतो. बाजूला उघडणारा स्क्रीन मोटारीच्या हाताला अडतो. वर माइक लावला की सगळी गणितं नव्यानं. तोल अर्धवट असला तरी मोटारी जोर लावून कॅमेरा उभा धरतात, म्हणून नवशिक्याला वाटतं जमलं. मग बॅटरी भराभर उतरते, मोटारी तापतात आणि फ्रेममध्ये बारीक थरथर येते. ‘गिंबल खराब निघाला’ अशा कित्येक तक्रारींचं मूळ तोल लावायचा कंटाळा केल्यात असतं.

फोनच्या गिंबलचं दुखणं वेगळं. ऑस्मो मोबाइल 6 ची मर्यादा 290 ग्रॅम. आजचे मोठे फोन 230 च्या आसपास जातात. त्यावर जाड कव्हर आणि मागे चिकटवलेली अंगठी असेल तर मर्यादा संपलीच. माणसाचा माग ठेवण्यासारख्या सोयी पुष्कळदा कंपनीच्या ॲपमध्येच चालतात, फोनच्या मूळ कॅमेऱ्यात नाही. म्हणून जाहिरातीतली सोय आपल्या फोनवर चालते का, हे पैसे देण्याआधी बघावं. ज्यांना फोन आणि गिंबल यांची रोजची जोडजुळवणी नको, त्यांच्यासाठी 2023 चा ऑस्मो पॉकेट 3 जास्त शहाणा पर्याय आहे. एक इंची सेन्सर, गिंबल आतच, वजन 179 ग्रॅम. प्रवासात एकट्यानं चित्रण करणाऱ्याला तोल लावायचा नाही, काही जोडायचं नाही.

हे सगळं झाल्यावरही एक कुरकुर नोंदवायला हवी. गिंबल स्वस्त झाल्यापासून कॅमेरा विनाकारण फिरू लागला आहे. अंतरपाटाभोवती प्रदक्षिणा, वरमालेभोवती प्रदक्षिणा, जेवणाच्या पंगतीवरून तरंगत जाणं. बघणाऱ्याला आजीचा चेहरा बघायचा असतो आणि फ्रेम तिच्यावर थांबतच नाही. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ आठवावा. 2014 मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळवलेला हा सिनेमा जवळपास सगळाच ट्रायपॉडवरच्या निश्चल, रुंद चौकटींत आहे. न्यायालयातली मरगळ त्या न हलणाऱ्या कॅमेऱ्यामुळेच अंगावर येते. ज्याच्याकडे चांगला ट्रायपॉड किंवा मोनोपॉड नाही, त्यानं आधी तो घ्यावा. मंगलाष्टकांचा पूर्ण आवाज आणि एक स्थिर शॉट हाती असला की संकलकाचं काम निम्मं होतं, आणि घरचे लोक वीस वर्षांनी तोच शॉट बघतात.

ज्यांना तरीही गिंबल हवाच आहे, त्यांनी आधी एक दिवस भाड्यानं घ्यावा. पुण्या-मुंबईत कॅमेरे भाड्यानं देणारे तो देतात. विकत घ्यायला जाताना स्वतःचा कॅमेरा, सगळ्यात जड लेन्स आणि माइक सोबत न्यावा. गिंबलवर चढवून मोटारी बंद ठेवून तोल लावावा. कॅमेरा ज्या कोनात सोडला त्याच कोनात थांबला तर जोडी जमली. मग मोटारी चालू करून दुकानाच्या जिन्यावरून एकदा वर, एकदा खाली चालून बघावं आणि ते फुटेज फोनवर नव्हे, मोठ्या पडद्यावर पाहून मगच पैसे द्यावेत. जो दुकानदार एवढं करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.