पूर्णेचा हिरवा चहा

रात्रीचे दोन वाजलेत. पूर्णेच्या गोडाऊनच्या गल्लीत कंटेनर रिव्हर्स घेतोय, क्लीनर मागे उभा राहून पत्र्यावर थापा मारतोय. काल्हेर, राहनाळ, वळ, दापोडे, कुठंही तोंड करा, पत्र्याच्या शेडी संपत नाहीत. मुंबईच्या दारात सकाळी जो माल पोचतो, तो रात्री आपल्या पाठीवरून गेलेला असतो. आणि या पाठीसाठी टपरीवर दोन किटल्या असतात. एक साध्या चहाची. दुसरी मागितली तरच बाहेर येणारी. "मामा, हिरवा" म्हटलं की मामा इकडंतिकडं बघतो, ग्लास भरतो आणि कटिंगच्या तिप्पट पैसे घेतो.

काय असतं त्या ग्लासात? दूध, साखर, आलं आणि गांजाचा नाहीतर भांगेचा पाला. मामाची जाहिरात तोंडपाठ आहे. पाठ मोकळी होते. दिवसा पत्र्याच्या खोलीत झोप लागते. दारूसारखा वास येत नाय. घरी कळत नाय. आणि एवढ्यानं भागलं नाही तर शेवटचं हुकमाचं पान: अरे, शंकराचा प्रसाद हाय!

मी प्यायलोय. खोटं कशाला सांगू? नीतीचे धडे द्यायला आपण काही शाळामास्तर नाही. पाठीला बरं वाटलं, हेही खरं. म्हणजे पाठ दुखतच होती, पण ती दुसऱ्या कुणाची तरी दुखतेय असं वाटलं. म्हणून या चहाबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी समजतो.

आमच्यातला एक पोरगा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून आलेला. त्यानं पावसाळ्यात एका रात्री एक ग्लास घेतला. अर्धा तास झाला, काहीच नाही. "मामानं पाणी घातलंय रे," म्हणून आणखी एक घेतला. दीड तासानं तो थप्पीवर चढून बॉक्स खाली देत होता. छातीत धडधड सुरू झाली, हातपाय आपले नाहीत असं वाटायला लागलं, आणि तो वरून खाली आला. मनगट मोडलं. सुपरवायझरनं पहिली गोष्ट कुठली केली असेल? दवाखाना? नाय. त्यानं तोंडाचा वास घेतला. वास आला नाही म्हणून टपरीवर माणूस पाठवला. सकाळपर्यंत कागद तयार: "कामगार नशेत होता." दवाखान्याचा खर्च नाही, भरपाई नाही, दुसऱ्या दिवसापासून कामही नाही. त्या दोन ग्लासांनी ठेकेदाराचा खर्च वाचवला.

आणि हे नुसतं ठेकेदाराचं डोकं नाही, कायद्यातच ही फट आहे. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात लिहिलेलं होतं की मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून बाकी इजा थेट नशेमुळं झाली असेल, तर मालक भरपाई द्यायला बांधील नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद तशीच आली. दोस्तहो, मामाच्या ग्लासातला सगळ्यात मोठा धोका हा आहे. थप्पी डगमगत होती, दिवा बंद होता, पोरगा चौदाव्या तासाला काम करत होता, हे सगळं त्या कागदाखाली गाडलं गेलं.

आता त्या पाल्याबद्दल सरळ बोलू. कारण आपल्याकडं दोनच भाषा चालतात. एक पोलिसाची, दुसरी बाबाची. एक म्हणतो विष, दुसरा म्हणतो अमृत. दोघंही आपल्याला अडाणी समजतात.

या झाडातलं नशा आणणारं द्रव्य म्हणजे टीएचसी. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून नुसत्या पाण्यात उकळलेला पाला फार काही देत नाही, दुधातला देतो. शिवाय कच्च्या पाल्यात ते द्रव्य झोपलेलं असतं. कडक उष्णता लागली की जागं होतं, नुसत्या उकळीनं अर्धवटच जागं होतं. त्यामुळं पाला किती, कसला, भाजलेला की ओला, दूध किती, किटली किती वेळ चुलीवर, यावर सगळं अवलंबून. आज लागला नाही तो चहा उद्या डोकं फिरवील. मामालाही माहीत नसतं की त्यानं काय विकलं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चिलमीचा धूर काही मिनिटांत डोक्यात जातो, त्यामुळं माणसाला कुठं थांबायचं ते कळतं. प्यायलेला माल पोटातून यकृतात जातो, तिथं त्याचं आणखी जोरकस रूप तयार होतं आणि मग तो डोक्यात चढतो. याला अर्धा तास ते दोन तास लागतात, आणि चढलेलं सहा-आठ तास किंवा जास्तही राहतं. "चढत नाय" म्हणून घेतलेला दुसरा ग्लास हाच खरा दगा. आमचा पोरगा पडला तो या हिशेबानं पडला.

फायदे नाहीत काय? आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कॅन्सरच्या औषधांनी होणारी मळमळ-उलटी थांबवायला यातल्या द्रव्यापासून केलेल्या गोळ्या डॉक्टर देतात. मज्जासंस्थेच्या एका आजारात स्नायू ताठरतात, तिथं उपयोग होतो. लहान मुलांच्या फिटच्या काही अवघड प्रकारांवर या झाडातल्या नशा न आणणाऱ्या द्रव्याचं औषध अमेरिकेत 2018 साली मंजूर झालं. धूर नाही म्हणून फुफ्फुसं वाचतात, हेही खरं. पण ही औषधं मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. मामाची चिमूट मिलिग्रॅममध्ये येत नाही. आणि जुन्या दुखण्याचं काय, म्हणाल तर काहींना थोडा आराम पडतो असं दिसतं. तरीपण वेदनेवर काम करणाऱ्या डॉक्टर-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2021 साली दुखण्यासाठी सरसकट गांजा वापरायला पाठिंबा द्यायचं नाकारलं. पुरावा पुरेसा नाही म्हणून.

तोटे? छातीची धडधड, भीती, संशय, उलट्या. नजर आणि हात यांचा मेळ सुटतो, म्हणजे फोर्कलिफ्ट, टेम्पो, मोटरसायकल, थप्पी, सगळं जिवावर. घराण्यात कुणाला वेडाचा आजार असेल, किंवा पोरगं विशीच्या आत रोज घेत असेल, तर डोकं कायमचं बिघडायचा धोका वाढतो. पोटुशी बाईनं घेतलं तर मूल कमी वजनाचं होऊ शकतं. "गांजाची सवय लागत नाय" ही थाप आहे. घेणाऱ्या दहांत साधारण एकाला लागते, कोवळ्या वयात सुरू करणाऱ्या सहांत एकाला. दारूनं होतात तेवढे मुडदे गांजानं होत नाहीत, हे कबूल. पण दारू वाईट म्हणून गांजा चांगला, हा कुठला न्याय?

केंद्र सरकारच्या 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात भांग, गांजा, चरस यांतलं काहीतरी वर्षभरात घेतलेले लोक 3.1 कोटी निघाले. त्यातले 2.2 कोटी भांगवाले. एवढे सगळे लोक जेलात आहेत काय? नाहीत. मग कोण आहेत?

इथं आपली जुनी ओळखीची बाई भेटते. तिचं नाव जात, आणि तिची धाकटी बहीण गरिबी.

मराठीत म्हण आहे, भांगेत तुळस. म्हणजे वाईट घरात निपजलेलं चांगलं पोर. ही म्हण पाठ्यपुस्तकात वाचली तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हा, की भांग कोण आणि तुळस कोण हे ठरवलं कुणी? ज्यांच्या अंगणात वृंदावन होतं त्यांनी. आणि गंमत बघा, तेच लोक होळीला ठंडाई घोटतात, शिवरात्रीला प्रसाद म्हणून पितात. तिथं ती भांग संस्कृती असते. आमच्या वस्तीत आली की ती गुन्हेगारी होते.

इंग्रजांनी 1893-94 मध्ये भांग-गांजाची चौकशी करायला कमिशन नेमलं. 1,193 साक्षी घेतल्या. निष्कर्ष काढला की बेतानं घेतलं तर फारसं बिघडत नाही, पूर्ण बंदी नको, कर लावा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात गांजाचं पीक निघत होतं आणि सरकारच्या तिजोरीत पैसा पडत होता. साहेबाला आपली तब्येत नको होती, महसूल हवा होता. पुढं 1961 चा आंतरराष्ट्रीय करार आला आणि 14 नोव्हेंबर 1985 पासून अमली पदार्थांचा कडक कायदा लागू झाला. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसता पाला आणि बी त्या व्याख्येत नाहीत. म्हणून पोरं म्हणतात, भांग कायदेशीर हाय. महाराष्ट्रात हे चालत नाही! 1949 चा दारूबंदी कायदा इथं आहे, परवान्याशिवाय भांग बाळगली तरी गुन्हा. आणि मामाच्या पाल्यात एक बोंड निघालं की तो गांजा झाला. एक किलोच्या आत सापडला तर वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं सेवन केलं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मुंबईतल्या 2017-18 च्या खटल्यांचा अभ्यास विधी सेंटर या संस्थेनं केला. त्यात दिसलं ते असं. बहुतांश खटले स्वतःपुरता गांजा घेणाऱ्यांवरचे, आणि शिक्षा झालेले लोक झोपडपट्टीतले, फुटपाथवरचे, रोजंदारीवाले. वकील नाही, तारखा परवडत नाहीत, म्हणून "गुन्हा कबूल" म्हणून मोकळे. मोकळे कसले, कपाळावर शिक्का घेऊन. त्याच शहरात 2021 सालापासून भांगेच्या बियांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून विकायला रीतसर परवानगी आहे. नशा न आणणाऱ्या बियांबद्दल आमची तक्रार नाही. पण पाल्याच्या औषधाच्याही सुबक बाटल्या वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात, आणि चिठ्ठी फोनवरच्या दोन मिनिटांत होते. ज्याच्याकडं चिठ्ठी आहे तो पेशंट. ज्याच्याकडं नाही तो गंजडी. 2 डिसेंबर 2020 ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत घातक यादीतून काढायचा ठराव 27 विरुद्ध 25 मतांनी पास झाला, त्यात भारताचं मत "हो" होतं. जगाला एक आणि पूर्णेच्या टपरीला दुसरं!

तेव्हा पोलिसी बडग्याला आपला विरोध आहे. स्वतःपुरतं घेणाऱ्याला जेल नको, दवाखाना पाहिजे. कायद्यातही सोय आहे. थोडा माल सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मागता येतं. हे वस्तीत किती जणांना माहीत आहे? पुण्यात 1986 पासून मुक्तांगण चालू आहे, गर्दच्या काळात शेकडो पोरं तिथं उभी राहिली. सुटायला लाज वाटायचं कारण नाही.

पण गड्यांनो, बडग्याला विरोध म्हणजे ग्लासाला सलाम नव्हे. काही कवी मित्र म्हणतात, गांजा हा विद्रोह आहे, व्यवस्थेच्या तोंडावर सोडलेला धूर आहे. त्यांना एकदा रात्रपाळीला पाठवलं पाहिजे. विद्रोह करणाऱ्याला आपली पाठ कशानं दुखते हे कळावं लागतं. हिरवा चहा नेमकं तेच कळू देत नाही. पन्नास किलोची गोणी, बारा-चौदा तासांची पाळी, नसलेली ट्रॉली, न मिळालेली सुट्टी, या सगळ्याचं दुखणं तो एका ग्लासात बुडवतो आणि पोराला दुसऱ्या रात्री परत उभं करतो. कुणासाठी? आपण खिशातले पैसे मोजून जो आराम विकत घेतो, त्याचं काम मालकाच्या खात्यात जमा होतं. हाच त्या चहाचा सगळ्यात मोठा फायदा, आणि तो आपला नाही.

बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात ज्या प्रतिज्ञा दिल्या त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातलं पाचवं शील नशेबद्दल बोलतं ते बेसावधपणामुळं. ते सोवळ्याओवळ्याचं शील नाही. बेसावध माणसाला लुटणं सोपं, एवढा साधा व्यवहार त्यात आहे. पूर्णेच्या थप्पीवर त्याचा अर्थ मला पुस्तकापेक्षा नीट कळला.

मग पाठीचं औषध काय? याच महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांच्या मागं उभ्या राहिलेल्या हमालांनी तो मिळवला. मंडळात नोंद, मजुरी मंडळामार्फत, प्रॉव्हिडंट फंड, दवाखाना. ते हमालही आपल्यासारखेच पाठीवर जगत होते. आज आपल्याला "पिकर", "पॅकर", "हेल्पर" अशी नावं देऊन त्या कायद्याच्या बाहेर ठेवलं जातं. गोणीचं नाव बॉक्स झालं म्हणून वजन कमी झालं काय? नोंद मागा. ईएसआयचं कार्ड मागा. जादा तासाला दुप्पट पैसे मागा. ट्रॉली मागा. अपघात झाला की कागदावर आधी आपलं म्हणणं लिहा, सुपरवायझरचं नंतर. आणि हे सगळं मागायला जाल तेव्हा शुद्धीत जा, म्हणजे तुमच्या तोंडाचा वास घेऊन कुणाला विषय बदलता येणार नाही.

त्या पोराचं मनगट वाकडं जुळलंय. काल तो टपरीवर भेटला. मामानं सवयीनं दुसऱ्या किटलीला हात घातला. पोरगा म्हणाला, "साधा दे. आणि तो कागद कुणी लिहिला ते सांग, मला लेबर ऑफिसात जायचंय."

आम्ही दोघांनी साधा चहा घेतला. पाठ दुखतच होती.