फुकटचे थोरलेपण

“अहो, हा तर आपला कथकच!”

हे वाक्य मी प्रथम स्पेनमधल्या सेव्हिल शहरात ऐकले, तेव्हा नाच सुरू होऊन पाच मिनिटेही झाली नव्हती. बोलणारे सद्गृहस्थ आमच्याच प्रवासी मंडळींतले. वयाने वडील, स्वभावाने उदार आणि आवाजाने खणखणीत. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, “अहो, आधी बघा तरी!” म्हणून त्यांची बाही ओढली, पण तोवर शोध लागून चुकला होता. पुढचा पाऊण तास त्यांनी फारसे काही पाहिले नाही आणि ऐकलेही नाही. ते सगळे त्यांना आधीच ठाऊक होते.

परत आल्यावर हेच वाक्य मी इतक्या सुशिक्षित तोंडांतून ऐकले आहे की, आता त्याच्याशी भांडल्यावाचून राहवत नाही. फराळाच्या ताटाशेजारी भांडण वाढू नये हे मला कळते. पण हल्ली दर दिवाळीला कोणी ना कोणी युरोपची सहल करून आलेले असते आणि चकली मोडता मोडता हे वाक्य निघतेच. तेव्हा जागा काही अगदीच चुकलेली नाही.

आधी प्रसंग सांगतो. सेव्हिलच्या सांताक्रूझ भागात, जिथे एके काळी ज्यूंची वस्ती होती, तिथल्या गल्ल्या दोन माणसे जेमतेम शेजारून जातील इतक्या अरुंद. अशाच एका गल्लीतला एक जुना वाडा. होय, वाडाच म्हणतो. कारण मधे चौक, भोवती कमानी आणि खांब, भिंतींना कमरेइतक्या उंचीपर्यंत रंगीत फरश्या. चौकात फळ्यांची हातभर उंचीची बैठक आणि तिच्या तीन बाजूंना खुर्च्यांच्या दोन-तीन रांगा. माणसे शंभराच्या आत. ध्वनिक्षेपक नाही. बैठकीवर चौघेजण: एक गाणारा, एक गिटार वाजवणारा, एक नुसत्या टाळ्या वाजवणारा आणि एक नाचणारी.

नुसत्या टाळ्या वाजवायला वेगळा माणूस कशाला, असे मलाही वाटले होते. उत्तर लवकरच मिळाले. गाणे चालू असताना तो दोन्ही तळवे ओंजळीसारखे करून दबक्या टाळ्या देत होता, म्हणजे गाण्याचा शब्द बुडू नये. पायांचे काम आले की तोच माणूस बोटांनी तळव्यावर कोरडी, खडखडीत टाळी देई. नाचणारीच्या बुटांना चवड्याला नि टाचेला खिळे मारलेले असतात. त्यांचा ठोका फळ्यांतून फरशीत, फरशीतून खुर्चीत आणि खुर्चीतून आपल्या पाठीत शिरतो. बसवलेले नि पाठ केलेले असे तिथे थोडेच होते. ती पायाने एक इशारत देई आणि गाणारा येई. तिचा खांदा वळला की गिटारवाल्याला कळे, आता थांबायचे. डोळ्याला डोळा दिसेल एवढ्याच अंतरावर हे चालू शकते. म्हणून म्हणतो, तो लहानसा चौक ही सजावट नव्हती. त्या कलेचा तो पाचवा साथीदार होता.

आणि सहावा साथीदार म्हणजे समोर बसलेला. चांगली जागा आली की जाणकाराच्या तोंडून ‘ओले!’ निघते. हे ओले मागून मिळत नाही आणि भलत्या ठिकाणी दिले तर साऱ्या चौकाला कळते. आपल्या बैठकीत चुकीच्या जागी ‘वाहवा’ करणाऱ्याकडे जसे लोक वळून पाहतात, तसेच.

आमच्या सद्गृहस्थांकडे लोक वळून पाहू लागले ते यामुळेच. नाच चालू होता सोलेआ या प्रकारातला. त्याचे आवर्तन बारा मात्रांचे. बारा म्हटल्यावर यांनी एकताल धरला आणि पहिल्या मात्रेवर मांडीवर थाप मारून टाळी द्यायला सुरुवात केली. आता सोलेआची गंमत अशी की, तिचे आघात पडतात तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. तुकडा आवळला जातो तो दहाव्यावर. पहिली मात्रा आपल्या समेसारखी दिमाखाने येतच नाही. समेची वाट पाहत बसणाऱ्याच्या अंगावरून ते आवर्तन निघून जाते आणि त्याला वाटते, यांचा ताल कच्चा आहे. बैठकीवरच्या टाळ्यावाल्याने दोनदा आमच्याकडे पाहिले. वहिनींनी यजमानांचा हात धरून ठेवला, तेव्हा कुठे ते थांबले.

मला राग आला तो टाळीचा नव्हे. चुकीची टाळी कुणाचीही पडते. राग आला तो त्या ‘आपला’ या शब्दाचा. तो शब्द त्यांनी कानात बोळ्यासारखा घातला होता.

आता त्यांची बाजूही मांडतो, कारण ती अगदीच लंगडी नाही. स्पेनमधले हितानो आणि युरोपभरचे रोमा लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्येकडून निघाले, हे भाषाशास्त्राने पक्के केलेले आहे. रोमा भाषेतले एक-दोन-तीन ऐकले तर आपल्याला दुभाषी लागत नाही. स्पेनमधल्या हितानोंची मूळ भाषा बहुतेक विरून गेली; पण जी बोली उरली तिच्यात पाण्याला ‘पान्यी’ म्हणतात. मान्वेल दे फाया हा स्पेनचा थोर संगीतकार. १९२२ साली ग्रानादाच्या आलाम्ब्रा किल्ल्यात त्याने कवी लोर्का आणि इतर स्नेह्यांसह या जुन्या गाण्याची स्पर्धा भरवली, तेव्हा त्यानेही हितानोंच्या आगमनाला मोठे श्रेय दिले आणि भारतीय गाण्याशी असलेल्या साम्याकडे बोट दाखवले. या गाण्याच्या स्वरांचा साचाही आपल्या भैरवी थाटाजवळ जातो. हे सगळे मान्य.

पण भाषा आली म्हणून नाच आला, हे कुठले तर्कशास्त्र? स्पेनमध्ये या लोकांची पहिली नोंद सापडते ती १४२५ सालची. म्हणजे निघाल्यापासून चारशे वर्षे ते इराण, आर्मेनिया, बायझंटियम, बाल्कन असे चालत होते. फ्लामेंको हे नाव या गाण्याला लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. आणि आपला कथक आज जसा ओळखतो तसा घडला तो मुख्यतः लखनौ-जयपूरच्या दरबारांत; लखनौचा वाजिद अली शहा गादीवर होता १८४७ ते १८५६. म्हणजे ज्याला तुम्ही नातू म्हणता तो आणि ज्याला आजोबा म्हणता तो, दोघे जवळजवळ एकाच वयाचे निघतात! रोमा लोक हंगेरीत आहेत, रशियात आहेत, बाल्कनमध्ये तर लाखांनी आहेत. नाच जर भारतातून गाठोड्यात बांधून नेला होता, तर तो फक्त आंदालुसियात येऊनच का सुटला?

तो तिथे झाला, कारण तिथे अनेक ओढे एकत्र आले. हितानो आले, आंदालुसियाचे शेतमजूर होते, मूरांचे काही मागे उरलेले होते. गाण्याला जाहीर बैठकीत आणून बसवणारा सिल्वेरियो फ्रांकोनेत्ती हितानो नव्हता. त्याचा बाप इटालियन. नाचणारीच्या खांद्यावरची भरतकामाची शाल मुळात चीनची, मनिलामार्गे आलेली. ग्वाहिरा हा प्रकार क्यूबाच्या वळणाचा. आणि ज्या लाकडी पेटीवर बसून आज ठेका धरतात ती पेरू देशाची. ती फ्लामेंकोत आणली पाको दे लुसियाने, १९७०च्या दशकाच्या अखेरीस. घरात सोळा ठिकाणचे सामान आहे. त्यातला एक तांब्या ओळखीचा वाटला म्हणून कुणी घर आपल्या नावावर करत नाही.

इथवर वाद विद्वत्तेचा झाला. खरी बोच पुढे आहे.

त्या रात्री नाचाच्या आधी गाणाऱ्याने एकट्याने एक गाणे म्हटले. गिटार मांडीवर उताणी ठेवलेली. हा प्रकार मार्तिनेते, लोहारशाळेतला. नदीपलीकडच्या त्रियाना वस्तीत हितानो लोहारकाम करीत. त्या घणाच्या ठोक्यावर म्हणायचे हे गाणे. शब्द मला कळले नाहीत. पण ते रडगाणे नव्हते. कुणीतरी दात आवळून हिशेब सांगावा तसे होते. हा हिशेब कसला? १४९९ साली स्पेनच्या राजाराणीने फर्मान काढले की, या लोकांनी साठ दिवसांत भटकणे सोडून धनी पत्करावा, नाहीतर शंभर फटके आणि हद्दपारी. १७४९च्या जुलैत तर सरकारने एकाच वेळी देशभर धरपकड करून नऊ ते बारा हजार हितानो पकडले. पुरुष आरमाराच्या गोद्यांत कामाला जुंपले, बायका-मुले वेगळी कोंडली. शेवटची माणसे सुटायला १७६५ साल उजाडले. त्रियानातूनही गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांना उठवून शहराच्या कडेला नेले. २०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीचा वारसा म्हणून नोंदले आणि त्या नोंदीत हितानो समाजाचे नाव आवर्जून घेतले, ते यासाठीच.

‘आपलाच कथक’ म्हणणाऱ्याला या हिशेबातले काय हवे असते? टाळ्या हव्या असतात, शाल हवी असते, गिरकी हवी असते. फटके नको असतात.

आणि नातेही कुणाशी जोडायचे? दरबाराशी! नवाबाच्या दिवाणखान्याशी! अहो, ‘रोम’ हा शब्द ‘डोम’ या शब्दापासून आला असे बहुतेक भाषापंडित मानतात. हे लोक आपल्याकडून गेले ते दरबारातून उठून नव्हे. डोम या नावाजवळचे नाव आपल्याला घरबसल्या ठाऊक आहे. भर दुपारी चौकात ढोलकी वाजते, दोन बांबूंच्या कैच्यांवर दोर ताणला जातो आणि आठ-नऊ वर्षांची पोर हातात काठी घेऊन त्यावर चालते. आपण खिडकीतून पाहतो, “काय हो हे लोक मुलांना राबवतात!” असे म्हणतो आणि खिडकी लावून घेतो. त्या डोंबाऱ्याला आपण कधी म्हटले का, की तू आपलाच?

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. हजेऱ्या लागल्या, आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तो कायदा देशभर जायला १९५२ साल यावे लागले. स्पेनच्या राजाने केले ते वाचताना आपण हळहळतो. पण तेच औषध आपल्या अंगणात आपल्यादेखत पाजले गेले आणि कायदा गेल्यावरही नजर गेली नाही. सातासमुद्रापलीकडे चाळीस युरोंचे तिकीट काढून ज्याला आपण भाऊ म्हणतो, त्याच्या इथल्या भावंडांना आपण दारात उभे करीत नाही. हे थोरलेपण फुकटचे आहे. त्याला एका पैचाही खर्च नाही, म्हणून ते इतके जोरात बोलता येते.

कुणी म्हणेल, एवढे काय रागवायचे? प्रेमानेच म्हटले ना त्यांनी ‘आपले’? असेल. पण प्रेम असते तर ते आधी ऐकले असते. लहान चौकात, दोन हातांवर एक माणूस जीव तोडून गात असताना, आपल्याला न कळणारे काहीतरी इथे आहे एवढे कबूल करून गप्प बसणे, हे पाहुण्याचे पहिले काम आहे. नाते असलेच तर ते या रीतीत आहे: तिथेही समोरचा माणूस दाद देतो, इथेही देतो, तिथेही दाद कमवावी लागते, इथेही लागते. हे नाते रक्ताचे नाही, बैठकीचे आहे. ते वंशावळीने सिद्ध होत नाही. प्रत्येक रात्री, प्रत्येक श्रोत्याला नव्याने जोडावे लागते.

शेवटच्या तुकड्याला फोटो काढायची परवानगी होती. तत्क्षणी सगळे हात फोन घेऊन वर गेले आणि तो चौक पुन्हा एक प्रेक्षणीय स्थळ झाला. आमचे सद्गृहस्थ उभे राहून चित्रण करीत होते. बाहेर गल्लीत आल्यावर ते समाधानाने म्हणाले, “काही म्हणा, मूळ आपलेच.”

वहिनी इतका वेळ बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “मूळ कुणाचे का असेना. ती बाई किती दमली होती हो! पाठ घामाने चिंब भिजली होती. मधे एकदा तिने पाय थांबवून नुसता हात वर नेला ना, तेव्हा तो गाणारा तिच्याकडे बघतच राहिला. तुम्ही पाहिलेत का?”

त्यांनी पाहिले नव्हते. खरे सांगायचे तर, मीही त्या वेळी सद्गृहस्थांवर चिडण्यात गुंतलो होतो; तो हात माझ्याही हातून सुटला.

तेव्हा जाल तर जरूर जा. मोठ्या नाट्यगृहाचे तिकीट मिळत असले तरी लहान चौकच निवडा. टाळी देऊ नका. ती देणारा माणूस तिथे आहे. कशासारखे आहे ते घरी आल्यावर ठरवा. आणि घरी आल्यावर एखाद्या दुपारी कोपऱ्यावर ढोलकी ऐकू आलीच, तर खिडकीतून नको. जिना उतरून खाली जा.