विकल्यावर पैसे

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं तर एक रुपया दंड असायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादकांना धरा, मला नको. हा लेख आधी इंग्रजी विभागासाठी लिहायला घेतला होता. एक परिच्छेद झाला आणि तो प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनसारखा वाटायला लागला. फाडला.

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगला आपल्या पोर्चमध्ये 'हस्तकला दालन' होतं, आठवतंय? डीजेच्या बरोब्बर शेजारी सहा टेबलं. त्यातलं चौथं टेबल आमच्या सावंतवाडीच्या काकांचं. माझ्याच आग्रहावरून ते आले होते. दोन पोती भरून लाकडी फळं, भातुकलीचे सेट, भोवरे, पोळपाट-लाटणी, चार पेनस्टँड. दोन दिवसांत विक्री झाली ३,४०० रुपयांची. त्यातून टेबलाचं भाडं १,५००, येण्याजाण्याचे आणि जेवणाचे साधारण १,१००. लाकूड-रंगाचा खर्च तुम्हीच वजा करा, मला करवला नाही. समारोपाला मात्र त्यांना स्टेजवर बोलावून अॅक्रिलिकचं एक स्मृतिचिन्ह दिलं. लाकडाचं काम करणाऱ्या माणसाला अॅक्रिलिकचं!

बसस्टँडवर सोडायला गेले तेव्हा काका रागावले वगैरे नव्हते. एवढंच म्हणाले, "फोटो काढूक सगळे इले गो, घेवक कोण नाय."

मला तेव्हापासून वाटतंय, की आपण 'प्रोत्साहन' या शब्दाखाली स्वतःचीच हौस भागवतो. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा अख्ख्या हॉस्टेलने स्टेटस ठेवले होते. माझाही होता. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन २०१९ सालीच मिळालंय, हे त्या दिवशी कळलं. त्यानंतर आमच्या विंगमध्ये कोल्हापुरी चपलांचे किती जोड आले? शून्य. (पावसाळा होता, हे कारण मान्य.)

असो. सावंतवाडीबद्दल थोडं, कारण 'खेळण्यांचं गाव' यापलीकडे फारसं कोणाला माहीत नसतं. तिथे चितार आळी नावाचा एक रस्ताच आहे, दोन्ही बाजूंना लाकडी खेळण्यांची दुकानं. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण लाकडाचा एक दांडा लेथवर गोल करायला चार प्रॅक्टिकल्स घेतली आणि तरी तो गाजरासारखा झाला. काका तशाच लेथवर खरंच गाजर काढतात, गप्पा मारत, बघता बघता. मग रंग. त्यांची केळी फळांच्या टोपलीत ठेवली तर पाहुणा एकदा तरी हात घालतोच. पूर्वी यासाठी पांगाऱ्याचं हलकं लाकूड सहज मिळायचं, आता शोधावं लागतं.

आणि गंजिफा. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं, म्हणजे १२० पानांचा एक जोड. (मेंढीकोट खेळून कंटाळलेल्यांनी विचार करावा. रेक्टर सरांनी हा कंस वाचू नये.) ही कला संपतच आली होती. पुंडलिक चितारी नावाच्या वृद्ध कारागिराला ती येत होती. १९७० च्या दशकात सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कलाकार बसवले. लहानपणी आम्हाला पाहुणे आले की तिकडे न्यावंच लागायचं. दरबार हॉलमध्ये माणसं मांडी घालून ब्रश चालवतायत, समोर बघणारे उभे, आणि वस्तू तिथेच विकायला. तेव्हा मला फार बोअर व्हायचं. आता कळतं, की तिथे गिऱ्हाइकाला एका पानावर किती वेळ जातो हे डोळ्यांनी दिसतं, म्हणून किंमत ऐकून कोणी "काय लुटताय का" म्हणत नाही.

आता मुद्द्यावर येते. मे महिन्याच्या सुट्टीत काकांच्या दुकानात बसून मी त्यांची वही पाहिली. एका मोठ्या शहरातल्या शोरूमने त्यांच्याकडून माल नेला होता, अटीवर की 'विकल्यावर पैसे'. आठ महिने माल तिथेच. मग अर्धा परत आला, फळांचे रंग खरवडलेले, एका बैलगाडीचं चाक गायब. विकलेल्या अर्ध्याचे पैसे आणखी दोन महिन्यांनी, कमिशन कापून. शोरूम स्वतःला 'कारागिरांचं व्यासपीठ' म्हणवतं. पण यात धंद्याची सगळी जोखीम कोणाची? ज्याच्याकडे सगळ्यांत कमी पैसे आहेत त्याची! लाकूडवाला आणि रंगवाला काकांकडून रोख घेतात, तेही विकल्यावर पैसे म्हणत नाहीत. आपण वर्किंग कॅपिटलवर पाच मार्कांची टीप लिहून येतो. काकांचं वर्किंग कॅपिटल आठ महिने दुसऱ्याच्या काचेच्या कपाटात अडकलं होतं.

म्हणून कारागिरांचं सामाईक दुकान ही कल्पना कितीही छान वाटली तरी माझा पहिला प्रश्न एकच: पैसे कधी देता? लिज्जत पापडाचं उदाहरण घ्या. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलं. तिथे बाई पापड लाटून आणून देते आणि तिला लाटण्याची मजुरी मिळते. ते पाकीट पुढे कोणत्या दुकानात कधी खपेल, ही काळजी तिच्या एकटीच्या डोक्यावर नसते, सगळ्या मिळून मालकीण असल्यामुळे ती संस्थेची असते. पापड आणि गंजिफा एक नाही, मान्य. पापड महिन्यात संपतो, लाकडी केळं वीस वर्षं टिकतं. पण नियम तोच लागतो, उलट जास्तच लागतो.

आपल्या कॉलेजात ग्राहक भांडार आहे. ड्राफ्टर, जर्नल, ग्राफ पेपर, साबण, मॅगी. खिडकीच्या बाजूचा रॅक दोन वर्षं रिकामा आहे, त्यावर जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे असतात. माझं म्हणणं, तो रॅक द्या. पाच-सहा कारागिरांचा माल ठेवा, पण रोख विकत घेऊन. पैसे? प्रत्येक सेमिनारला, प्रत्येक गेस्ट लेक्चरला आपण स्मृतिचिन्ह देतोच. ते बजेट आत्ताच आहे. पाहुण्यांच्या हातात अॅक्रिलिकऐवजी लाकडी फळांची परडी दिली तर निम्मा माल तिथेच खपतो. उरलेला वर्षभरात आपण घेऊ. गॅदरिंगच्या दोन दिवसांपेक्षा वर्षभराचा एक रॅक मोठा असतो.

हे मांडलं तेव्हा भांडारच्या मीटिंगमध्ये एक सर म्हणाले, "आणि नाही खपलं तर?" प्रश्न रास्त आहे. नाही खपलं तर भांडारचं नुकसान, आणि म्हणूनच भांडार नीट विचार करून ऑर्डर देईल. हॉस्टेलच्या मुलांना भातुकली नको, पेनस्टँड हवाय, मोबाइल उभा करायला काहीतरी हवंय, हे कोणीतरी काकांना सांगेल. आज ते कोणी सांगत नाही, कारण माल पडून राहिला तर सांगणाऱ्याचं काही जात नाही. रंगाचाही प्रश्न आहे. लहान मुलं खेळणी तोंडात घालतात, तेव्हा कुठला रंग वापरता हे विचारायलाच हवं, आणि सगळेच कारागीर चांगला वापरतात असं मी म्हणणार नाही. पण हा प्रश्न पैसे मोजणाऱ्याने विचारला तरच त्याला वजन येतं.

अर्ज दिलाय. वीस हजारांचा प्रस्ताव, एका सेमिस्टरपुरता. त्यावर अजून सही नाही. मेसच्या नोटीस बोर्डावर मी एक कागद लावलाय, पेनस्टँड कोणाला हवेत त्यांनी नाव आणि रूम नंबर लिहावा, किंमत १८०, घासाघीस नाही. काल रात्रीपर्यंत एकतीस नावं होती. त्यातली दोन 'शाहरुख खान' आहेत.