ही घोरली तर ध्यान!

गेल्या आठवड्यात एका सरकारी रुग्णालयातल्या ‘ताणमुक्त जीवन’ शिबिराला प्रमुख पाहुणा म्हणून जायचा योग आला. कोविडच्या दिवसांत या सदरात सिस्टरांबद्दल चार बरे शब्द लिहिले होते, त्याचा हा नारळ. दारात फ्लेक्स, फ्लेक्सवर कमळात बसलेली बाई. फ्लेक्सशिवाय या राज्यात मनःशांतीसुद्धा मिळत नाही.

शिबिर सकाळी साडेनऊचं. नाईट करून आठला सुटलेल्या सिस्टरांना थांबवून घेतलेलं, कारण हजेरीपटावर सह्या हव्या होत्या. ‘डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या,’ असं प्रशिक्षक म्हणाले आणि दुसऱ्या रांगेतली एक सिस्टर तिसऱ्या श्वासाला घोरू लागली. मांडीवर रिकामा डबा, पायात वॉर्डातलीच चप्पल. ‘बघा, किती खोल ध्यान!’ प्रशिक्षक खूश. शेजारणीनं हजेरीपट आला तसा तिच्या नावापुढे गुपचूप सही ठोकली, पण तिला उठवलं नाही. अख्ख्या शिबिरात मानसिक आधाराचं काम झालं ते एवढंच.

३ मे २०२० ला कोविडयोद्ध्यांच्या सन्मानार्थ वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुलं उधळली, आठवतंय? फुलं राहू द्या, आकाशातला नियम तेवढा खाली टाकायला हवा होता. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला आठवड्यातून सलग ३६ तास विश्रांती मिळायची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं (डीजीसीए) ती ४८ केली. डिसेंबर २०२५ मध्ये त्यापायी विमानं रद्द झाली, विमानतळांवर बोंबाबोंब झाली, सरकारला काही काळ सवलतही द्यावी लागली. तरी वैमानिकाला ध्यान शिकवा म्हणजे झोप लागणार नाही, असं कुणी सुचवलं नाही.

आता दुसरे ४८ तास बघा. निवासी डॉक्टरांना सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त राबवू नये, असं केंद्राचं पत्रक १९९२ पासून आहे. एखाद्या रेसिडेंटला हे सांगून पाहा. छत्तीस तासांची सलग ड्युटी उरकून आलेला असेल, तर हसायचंही त्राण नसेल.

वैमानिक थकला की तो प्रवाशांना धोका ठरतो. सिस्टर थकली की ती मनानं कमकुवत ठरते. त्याला नियम, हिला समुपदेशन! ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे आणि तो असावाच. पण रिकामी पदं काही फोनवरून भरत नाहीत. चौघींचं काम दोघींनी ओढायचं आणि वर श्वासही मोजायचा?

माझ्या भाषणाआधी मागून हळूच प्रश्न आला, ‘सर, किती वेळ चालेल? साडेदहाची बस आहे.’

दहा मिनिटांचं भाषण मी खिशातच ठेवलं. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी इतक्या वर्षांत माझ्या हातून झालेलं एकमेव ठोस काम.