मोरचुदाची शाळा
परवा वसमतला ओळखीच्यांकडे गेलो, तर त्यांची अकरावीतली लेक असेंद्रिय रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून 118 मूलद्रव्यं भीमरूपीसारखी घोकत बसलेली. अंगणात तिचे आजोबा बोर्डो मिश्रण कालवत होते. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, तेही प्लॅस्टिकच्या ड्रमात, कारण लोखंडी पिंपाला मोरचूद खातो. मग म्हाताऱ्यानं विळा बुडवून पाहिला. पात्यावर तांबूस पुट चढलं. ‘चुना कमी पडला,’ म्हणत त्यांनी आणखी निवळी ओतली. घ्या! लोखंडानं तांब्याला द्रावणातून हुसकावलं, चुन्यानं आम्लाला गप्प केलं; एका विळ्यावर दोन धडे. नातीला विचारलं, तर म्हणाली, ‘काका, ते परीक्षेला नाही.’ माझं मत पक्कं आहे: चुनकळी, तुरटी, नवसागर, टाकणखार हाताळल्याशिवाय पोरांच्या हाती आवर्तसारणी देऊच नये. पहिली प्रयोगशाळा वाण्याच्या दुकानात असते. आणि हळदीचा पिवळा डाग साबणानं लाल का होतो, हे ज्याला सांगता येत नाही, त्याला निदान हळदीच्या हिंगोलीत तरी लग्नाची हळद लावू नये!