फॅक्सची शिट्टी, फायबरचा घोळ

‘अगं, तुमच्या त्या इंटरनेटने माझ्या फॅक्सची बोलती बंद केली!’ शनिवारी सकाळी सफाळ्याहून मामांचा फोन. झोपेचं खोबरं!

पण मामला सीरियस होता. मामा गेल्या वर्षी लेकीकडे न्यू जर्सीला गेले असताना त्यांच्या छातीत दुखलं आणि तिथेच अँजिओग्राफी झाली. आता ऑपरेशन करायचं की गोळ्यांवर भागवायचं, हे ठरवण्याआधी मुंबईच्या डॉक्टरांना ते रिपोर्ट हवे होते. आणि तिथलं हॉस्पिटल म्हणे, पेशंटच्या सहीचा फॉर्म फॅक्सनेच पाठवा. धक्का बसला ना? अमेरिकेतल्या अनेक हॉस्पिटलांत फॅक्स अजून ठणठणीत आहे, बॉस.

डहाणू लोकल पकडली, वैतरणेचा पूल ओलांडून सफाळ्याला उतरले. मामांचं मशीन दुकानाच्या काळातलं, भरतकामाच्या कव्हराखाली जपलेलं. घरी नवं फायबर ब्रॉडबँड आलेलं. लँडलाइनचा नंबर जुनाच, पण फोनची वायर आता मोडेममधून निघते. नंबर लावला. कूंऽऽ... खर्रर्र... अर्ध्या पानावर ‘एरर’. असं तीनदा!

फंडा असा आहे. फॅक्स मशीन पानाचं रूपांतर आवाजात करतं. तांब्याच्या तारेवरून तो आवाज सलग जायचा. ब्रॉडबँडवर मात्र त्याची छोटी छोटी पॅकेट्स होतात, कधी दाबून लहानही केली जातात. एखादं पॅकेट हरवलं, तर माणूस ‘हॅलो, काय म्हणालात?’ विचारतो आणि बोलणं पुढे चालू होतं. मशीनचं तसं नाही, त्याचा ताल चुकला की ते फोनच ठेवून देतं. यावर उपाय म्हणून १९९८ साली टी.३८ नावाचं स्टँडर्ड आलं. पण कंपनीने आणि मोडेमने, दोघांनीही ते चालू ठेवलेलं असावं लागतं. आमच्याकडे ते नव्हतं.

मशीनचा स्पीड १४,४०० वरून ९,६०० वर आणला. एक पान गेलं, दुसरं अडकलं. शेवटी सरळ मार्ग धरला. फॉर्म मोबाइलने स्कॅन केला, पीडीएफ केली आणि इंटरनेट फॅक्स सर्व्हिसवर अपलोड केली. आपण फक्त फाइल द्यायची, डायल करायचं काम त्यांचं सर्व्हर करतं. दहा मिनिटांत ‘डिलिव्हर्ड’!

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं करा :

- नंबर दोनदा तपासा. एक आकडा चुकला की तुमची मेडिकल हिस्ट्री परक्याच्या ट्रेमध्ये!
- पहिल्या पानावर कुणासाठी आणि एकूण किती पानं, ते लिहा.
- कन्फर्मेशन जपून ठेवा आणि तरीही फोन करून ‘नीट वाचता येतंय ना?’ विचारा.
- खासगी कागद कुठल्याही फुकट साइटवर टाकू नका.

चार दिवसांनी रिपोर्ट आले. डॉक्टरांनी ते पाहून सांगितलं, तूर्तास गोळ्याच पुरेत. मामांनी मशीनवर कव्हर परत चढवलं. मी म्हटलं, ‘मामा, आता तरी भंगारात द्या ना.’

‘अगं, नको,’ मामा म्हणाले, ‘एक पान तर गेलंच ना त्याच्यातनं!’